भाऊबीज झाली आणि शिक्षक रांगेत उभे राहिले

कोरोनामुळे मार्च २०२० पासून बंद असलेल्या शाळांत नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरला भरवायचे, असं परिपत्रक राज्य सरकारने १० नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर काढलं. एका बाकावर एकच विद्यार्थी, शाळा चार तास, पालकांचं लेखी संमतीपत्र, आणि शिक्षक-शिक्षकेतरांची १७ ते २२ नोव्हेंबरदरम्यान आरटीपीसीआर चाचणी. १६ तारखेला भाऊबीज. दुसऱ्या दिवसापासून गुरुजी-बाई तपासणी केंद्राबाहेर रांगेत. प्रयोगशाळा होत्या तेवढ्याच, त्यामुळे अनेकांचे अहवाल वेळेत आलेच नाहीत. जे आले त्यांत राज्यभरात शेकडो जण बाधित निघाले. मुंबई महापालिकेने २० नोव्हेंबरलाच शाळा ३१ डिसेंबरपर्यंत बंद ठेवल्या. सरकारनेही मग निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला.

शिक्षकांच्या मनातली भीती मात्र त्या आठवड्यातली नव्हती. उन्हाळाभर ते तपासणी नाक्यांवर, रेशन दुकानांवर, घरोघरच्या सर्वेक्षणात होते. १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतही. काही सहकारी त्यात दगावले. कोविड कर्तव्यावर मृत्यू आला तर वारसांना ५० लाख, असा आदेश मे महिन्यात निघाला होता. पण वर्गात शिकवताना लागण झाली तर ते कोविड कर्तव्य धरायचं का? माझ्या मते शिक्षक संघटनांनी केलेल्या विमाकवचाच्या मागणीचं मूळ या एका शब्दाच्या अर्थात होतं. बाहेर त्या मागणीकडे ‘घरबसल्या पगार हवा’ म्हणून पाहिलं गेलं, हे अन्यायाचंच.

बाक पुसायचे, सॅनिटायझर भरायचं, तापमान मोजायचं, हे सगळं शिपाईमामांच्या भरवशावर. आणि शाळा सुरू होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच, ११ डिसेंबरच्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांतली शिपायांची पदं रिकामी होतील तशी भरायची नाहीत, त्याऐवजी भत्ता द्यायचा, असं ठरलं.

पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ ला सुरू झाली आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा सगळंच थांबलं. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस केंद्राने शिक्षकदिनापूर्वी शिक्षकांचं लसीकरण उरकण्यासाठी राज्यांना जादा दोन कोटी डोस देऊ केले. ४ ऑक्टोबरला शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा चर्चा स्वॅबच्या अहवालाची नव्हती, लसीच्या प्रमाणपत्राची होती.