डोमेन ‘विकत’ मिळत नाही

देवगड-रत्नागिरीकडे हापूस, कोकम, काजूगर ऑनलाइन विकायला निघालेल्यांमध्ये एक समज पक्का आहे: वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, एकदा पैसे भरून घेतलं की कायमचं आपलं. तसं नाही. डोमेन म्हणजे सातबारा नव्हे. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवलं जातं, एका वेळी किमान 1 आणि जास्तीत जास्त 10 वर्षं. पुढे नूतनीकरण.

आंब्याचा धंदा मार्च ते मे. मुदत ऐन पावसाळ्यात संपली, तर तेव्हा साइटकडे बघतो कोण! आठवणीचे ईमेल येतात, पण बहुतेकदा ते जातात साइट बनवून देणाऱ्या पोराच्या पत्त्यावर, आणि तो तोवर पुण्याला नोकरीला लागलेला असतो. खरी मेख इथेच आहे. नोंदणीत मालक म्हणून ज्याचं नाव, डोमेन त्याचं. पैसे कोणी दिले हे तिथे दिसत नाही. म्हणून खातं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर उघडा.

मुदत हुकली तरी डॉट कॉमचं नाव लगेच जात नाही. रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीने, नोंद रद्द केल्यावरही 30 दिवस ते सोडवून घेता येतं, पण त्याला बऱ्यापैकी जादा पैसे पडतात. त्यानंतर 5 दिवसांनी नाव कुणालाही खुलं. डॉट इनची नावं निक्सी ही संस्था सांभाळते. डॉट भारतही तिच्याकडेच. त्यात नाव देवनागरीतही घेता येतं.

होस्टिंगचं, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर ठेवलेली असते त्या जागेचं, बिल वेगळं. ते भरलं म्हणजे डोमेनचंही भरलं, असं धरू नका.