शिकारी पक्ष्यांची स्थलांतर-गणना

गरुड, बाज, ससाणे, भोवत्या, घारी, गिधाडे इ. दिवसा उडणारे शिकारी पक्षी शरद ऋतूत हिवाळी प्रदेशांकडे निघाले असता डोंगरधारेवरील किंवा खिंडीतील ठरावीक जागेवरून त्यांची केलेली जातवार नोंद. मोजले जातात ते त्या जागेवरून दिसलेले पक्षी. जातीची एकूण संख्या नव्हे. हा भेद जुन्या लिखाणात पुष्कळदा पुसट झालेला आढळतो.

रुंद पंखांच्या जड पक्ष्यांना सतत पंख मारीत लांबचा पल्ला गाठणे परवडत नाही. उतारावर आदळून वर चढणारा वारा आणि तापलेल्या जमिनीवरून उठणारे उष्ण हवेचे स्तंभ यांवर ते तरंगत जातात. समुद्रावर असे स्तंभ क्वचितच उठतात, म्हणून डोंगर व पाणी यांमधील चिंचोळ्या पट्ट्यात त्यांची दाटी होते. काळा समुद्र व लघू कॉकेशस यांमधील बातुमी (जॉर्जिया) येथे २००८ पासूनच्या गणनेत एका हंगामात १० लाखांहून अधिक, तर व्हेराक्रूझ (मेक्सिको) येथे ४० लाखांहूनही अधिक पक्षी नोंदले गेले आहेत.

पद्धतशीर डोंगरी गणनेचा आरंभ सामान्यतः १९३४ मध्ये, अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॉक मौंटन येथे झाला असे मानतात. मात्र ही जागा पक्षिनिरीक्षकांनी शोधलेली नाही. ती बंदूकवाल्यांची होती. त्या राज्याने १९२९ मध्ये गॉसहॉक या बाजाच्या शिकारीवर ५ डॉलरचे इनाम लावले होते आणि धारेवरून जाणारा कोणताही शिकारी पक्षी सर्रास टिपला जाई. पक्षिसंरक्षणासाठी झगडणाऱ्या रोझली एज यांनी सुमारे १,४०० एकर डोंगर भाडेपट्ट्याने घेतला. रखवालीसाठी नेमलेले मॉरिस ब्राउन बंदूकवाल्यांना परत पाठविता पाठविता पक्षी मोजू लागले. दुसऱ्या महायुद्धकाळातील खंड वगळता ही मालिका आजवर चालू आहे. स्वीडनमधील फाल्स्टरबोच्या १९४२–४४ च्या नोंदीही प्रसिद्ध आहेत. त्या सपाट किनाऱ्यावरील असल्याने येथे वेगळ्या धरल्या आहेत.

मोजणीची मुख्य अडचण घिरट्यांची असते. एकाच स्तंभात शेकडो पक्षी गोल फिरत असताना तोच पक्षी दोनदा मोजला जातो. म्हणून निरीक्षक थांबतो. स्तंभाच्या माथ्यावरून पक्षी एकामागोमाग रांगेने पुढे घसरू लागले, की अंगठ्याखालचे मोजणीयंत्र दाबत जातो. थवा फार मोठा असल्यास दहा-दहाने मोजतात. निरभ्र निळे आकाश सर्वांत वाईट. पांढऱ्या ढगाच्या पार्श्वभूमीवर उंचावरचा ठिपकाही सापडतो. शक्य तेथे वयही नोंदवितात : स्टेप गरुडाच्या पिलावस्थेतील पक्ष्याच्या पंखाखालचा पांढरा पट्टा दुरूनही ओळखू येतो.

वयाच्या नोंदीचे मोल हॉक मौंटनच्या आकड्यांतून दिसले. तेथील पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत १९३५–३९ मध्ये ४० टक्के पक्षी वर्षाच्या आतले होते. १९५५–५९ मध्ये ते २० टक्क्यांवर आले आणि १९५७ मध्ये ३२ प्रौढांमागे एकच पिलू दिसले. अमेरिकन लेखिका रेचेल कार्सन यांनी १९६२ मध्ये डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धच्या मांडणीत हे आकडे वापरले. घटलेला आकडा मात्र नेहमी ऱ्हासच दाखवितो असे नाही. १९८० नंतर पूर्व अमेरिकेतील काही ठाण्यांवर शार्प-शिन्ड हॉक हा लहान बाज कमी दिसू लागला. संख्याच घटली, असे एक मत. पक्षी उत्तरेतच हिवाळा काढू लागले, हे दुसरे. उत्तरेकडील हिवाळी गणनांत त्याची वाढ दिसल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

हिमालयातील नोंदी त्या मानाने विरळ आहेत. पक्षी पर्वत ओलांडून थेट दक्षिणेस उतरतात ही समजूत क्रौंचांबाबत नेपाळमधील कालीगंडकी नदीच्या खोऱ्यात खरी ठरते. स्टेप गरुड मात्र शरदात दक्षिण उतारांना धरून पश्चिमेकडे जाताना दिसतात. नेपाळमध्ये पोखऱ्याच्या पश्चिमेस थूलाखर्क येथे २०१२ पासून गणना होते आणि तीत हाच गरुड बहुसंख्य असतो. धरमशाळेजवळ २००१ च्या शरदात व पुढील वसंतात मोजणी झाली. वसंतात गरुडांचा ओघ उलट, पूर्वेकडे होता.