ह्नेफाताफ्ल आणि बुद्धिबळ: इथे ‘जोर’ चालत नाही

ह्नेफाताफ्ल या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या पटावरच्या खेळाला ‘व्हायकिंगांचं बुद्धिबळ’ म्हणणं आता थांबायला हवं. बुद्धिबळ आपल्याकडच्या चतुरंगातून निघालं आणि इराणी, अरबी हातांतून युरोपात गेलं. ते स्कँडिनेव्हियात रुळलं, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे ह्नेफाताफ्ल खेळलं जात होतं. स्कॉटलंडमधल्या लुइस बेटावर १८३१ मध्ये सापडलेल्या सोंगट्यांचा फोटो या खेळाच्या माहितीला सर्रास चिकटवलेला दिसतो. राणी, बिशप, घोडेस्वार असलेला तो संच बुद्धिबळाचा आहे.

चाल सोपी आहे: राजासकट सगळे हत्तीसारखे सरळ जातात. उत्तर स्कँडिनेव्हियातल्या लॅपलँडमधल्या टाब्लुट या प्रकारात पट ९×९ घरांचा, मधोमधच्या ‘सिंहासन’ घरात राजा, त्याचे ८ रक्षक आणि चारही कडांना मिळून १६ हल्लेखोर. राजाने काठ गाठला की तो जिंकला, अडकला की हरला.

बुद्धिबळपटू फसतो तो मारण्यात. इथे शत्रूच्या घरात जाऊन बसता येत नाही. त्याची सोंगटी आपल्या दोन सोंगट्यांमध्ये, आडव्या किंवा उभ्या सरळ रेषेत, चेपायची. तिरकं चेपलेलं धरत नाहीत. चेपणारी चाल शत्रूनेच करावी लागते. त्याच्या दोन सोंगट्यांमधल्या रिकाम्या घरात तुम्ही स्वतःहून शिरलात तर काही होत नाही. नवखे नेमकी इथेच सोंगटी उचलून मोकळे होतात.

त्याहून खोलवर रुतलेली सवय म्हणजे जोर, आपल्याच दुसऱ्या सोंगटीचा आधार. बुद्धिबळात प्याद्याला मागून जोर असला की निर्धास्त राहता येतं, कारण मारणाऱ्याला आपण लगेच मारतो. इथे मारणारा त्या घरात येतच नाही, मग उलट मारणार कोणाला? शेजारची सोंगटी वाचवते ती फक्त जागा अडवून, आणि तीही एकाच रेषेत. तुमच्या दोन सोंगट्या डावी-उजवीकडे चिकटून उभ्या असतील तर आडवं चेपणं बंद होतं, पण दोघींच्या वरची आणि खालची घरं उघडीच राहतात. म्हणून सोंगटी हलवण्याआधी तिच्या चार बाजूंची घरं समोरासमोरच्या जोड्यांनी तपासा. जोडीतलं एक घर शत्रूकडे आणि दुसरं रिकामं असेल, तर त्या रिकाम्या घरापर्यंत त्याची कोणती सोंगटी सरळ पोचते ते बघा.

राजाच्या बाबतीत घोळ भाषांतराचा आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७३२ मध्ये टाब्लुटचे नियम लॅटिनमध्ये टिपले. राजा सिंहासनावर असेल तर चारही बाजूंनी वेढायचा, सिंहासनाला लागून असेल तर उरलेल्या तीन बाजूंनी, आणि इतरत्र साध्या सोंगटीसारखा दोघांत चेपायचा. १८११ च्या इंग्रजी आवृत्तीत हे चुकलं आणि राजाला सगळीकडेच चौघांनी घेरावं लागतं असा समज पसरला. तसं खेळलं तर राजा इतका दणकट होतो की हल्लेखोरांच्या हाती जवळपास काही उरत नाही. मग तोल साधायला सुटकेची वाट चार कोपऱ्यांपुरती ठेवणारे नियम आले. तेच ‘अस्सल व्हायकिंग नियम’ म्हणून विकले जातात, हे खटकतं. व्हायकिंग काळातले पूर्ण नियम लिहून ठेवलेले सापडलेलेच नाहीत.

लिनियसचाच नियम घ्या. राजाला काठापर्यंत एक वाट मोकळी झाली की ‘राइची’ म्हणायचं, दोन झाल्या की ‘तुइचू’. ‘राइची’ म्हणजे शह, त्यावर वाट अडवता येते. ‘तुइचू’ म्हणजे मात, कारण एका चालीत दोन्ही वाटा अडत नाहीत.