ख्रिस्तमंडळीतील उत्तराधिकार-वाद (बेळगाव सीमाभाग)

बिशप, पाळक किंवा विश्वस्त हे पद कोणाकडे जावे, यावरून न्यायालयात चालणारे वाद. बेळगाव-खानापूर पट्ट्यातील कॅथलिकांत बिशपची नेमणूक पोप करतात (बेळगाव धर्मप्रांत, 1953); त्यामुळे पदावरचा दावा सहसा दिवाणी न्यायालयापर्यंत येत नाही.

प्रॉटेस्टंट मंडळीचा आरंभ सामान्यतः 1820 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीच्या जोसेफ टेलरच्या कामापासून धरतात. बेळगावचा किल्ला 1818 मध्ये इंग्रजांकडे आला. छावणीतील उपासना गृहीत धरल्यास आरंभ थोडा मागे नेता येईल, पण ती सैन्यापुरती असल्याने स्थानिक मंडळीसाठी 1820 हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम अमेरिकन मेथडिस्टांकडे गेले. 1970 मध्ये अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या विलीन होऊन उत्तर भारत मंडळी (सीएनआय) स्थापन होताना मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले आणि 1981 मध्ये ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ स्वायत्त झाले. त्यामुळे सीएनआयमधील विलीनीकरणातून उद्भवलेला ‘जुन्या मिशनचा वारस कोण’ हा तंटा बेळगावच्या मेथडिस्टांना थेट लागू पडत नाही. याच विलीनीकरणावरून उद्भवलेल्या गुजरातेतील ब्रेदरन मंडळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने (2013) नोंदणीकृत संस्थेची न्यास-मालमत्ता केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने दुसरीकडे जात नाही, असे ठरवले.

पदाचा हक्क हा दिवाणी स्वरूपाचा आहे, मग तो धार्मिक विधींच्या प्रश्नांवर अवलंबून असला तरी, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 9 चे स्पष्टीकरण सांगते. पदाला मानधन नसेल तर काय, यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. 1976 च्या दुरुस्तीने ते मिटले. केरळमधील मलंकरा सीरियन चर्चच्या प्रकरणात (1995) सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या वादांनाही हे कलम लावले.

बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात असल्याने मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 येथे लागू झाला आणि पुनर्रचनेनंतरही, 2003 मध्ये कर्नाटकात रद्द होईपर्यंत, चालू राहिला. त्याच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्त बदलल्यास 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अहवाल द्यावा लागे. व्यवहारात भांडण येथेच पेटे: दोन्ही गट आपापली पंचकमिटी खरी म्हणून अहवाल देत, आणि नोंद होईपर्यंत बँकेचे खाते व दफनभूमीच्या किल्ल्या अडकून पडत. निवडणुकीच्या वैधतेपेक्षा नोंदवहीतील नावालाच मग वजन येई. मनाई हुकूम आधी दिवाणी न्यायालयात मागतात. उच्च न्यायालयातील दाद धारवाड खंडपीठाकडे जाते (2008 मध्ये फिरते, 2013 पासून कायम).