मन लागेल तेव्हा करू

आपल्याकडे ‘मला डिप्रेशन आलंय’ म्हणून दवाखान्यात सहसा कुणी जात नाही. जातात ते डोकं जड झालंय, अंगात त्राण नाही, पहाटे 3 ला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही म्हणून. थायरॉइड, बी-12 तपासून होतं. ते तपासायलाच हवं, कारण त्यातल्या बिघाडानेही माणूस असाच मरगळतो. रिपोर्ट नॉर्मल आले की घरचे म्हणतात, ‘बघ, काही नाही झालेलं. टेन्शन घेऊ नकोस.’

नैराश्य रक्तात दिसत नाही, विचारपुशीतून कळतं. पीएचक्यू-9 या प्रश्नावलीत गेल्या 2 आठवड्यांबद्दल 9 प्रश्न असतात : झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, स्वतःला दोष देणं वगैरे. प्रत्येकाला 0 ते 3 गुण. 27 पैकी 10 किंवा जास्त भरले तर तज्ज्ञाला दाखवायचं. पहिला प्रश्न उदासीचा नाहीच. कशात रस उरलाय का, एवढंच तो विचारतो. मला तो सगळ्यात बोलका वाटतो. रडणारं माणूस घरच्यांना दिसतं. मालिका चालू आहे, नजर पडद्यावर आहे, पण आत्ता काय झालं ते सांगता येत नाही, असं माणूस दिसत नाही.

उपचारांचं एक उदाहरण शेजारच्या गोव्यातलं आहे. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेतले सहकारी यांनी 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यमाहून जास्त ते तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर समुपदेशनाच्या एका पद्धतीची चाचणी घेतली. समुपदेशक मानसशास्त्र शिकलेले नव्हते, या कामापुरतं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. 6 ते 8 भेटी, कधी केंद्रात, कधी रुग्णाच्या घरी.

पद्धतीचं मर्म असं. नैराश्यात माणूस म्हणतं, मन लागेल तेव्हा करू. म्हणून शेजारणीकडे जाणं सुटतं, मग फोन उचलणं सुटतं, आणि बरं वाटायला लावणारं काहीच उरत नाही म्हणून मन आणखी खचतं. हे चक्र समुपदेशक उलटं फिरवतो : आधी कृती, मन मागून येईल. वहीत नोंद होते, ‘दुपारी 2 ते 4 पडून, मनाला 10 पैकी 2’. मग पुढच्या आठवड्यासाठी एकच काम ठरतं, तेही हास्यास्पद वाटावं इतकं लहान. बुधवारी 5 वाजता शेजारी चहा. ‘जरा बाहेर पडत जा’ या सल्ल्यात आणि यात फरक आहे तो वार-वेळ ठरण्याचा, आणि जमलं नाही तर काय आडवं आलं हे कुणीतरी न रागावता विचारण्याचा.

2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. 3 महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातले 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त थोडे सुधारलेले नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 39 टक्के. म्हणजे सगळ्यांना हे पुरलं नाही. तीव्र आजारात औषधं लागतात, आणि ती कधी थांबवायची हे डॉक्टरांनी ठरवायचं.

प्रश्नावलीतला नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. तो विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, सरळ विचारावं. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन 14416 वर 24 तास मोफत चालते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.