मॅकिंटॉशच्या कीबोर्डची वायर: प्लग बसला, पण तारा जुळल्या का?

ॲपलने २४ जानेवारी १९८४ रोजी बाजारात आणलेला पहिला मॅकिंटॉश संगणक आजही अनेक संग्राहकांकडे चालू स्थितीत आहे. मात्र त्याच्या कीबोर्डची वेटोळी वायर एवढ्या वर्षांत बहुधा चिकट झालेली, तडकलेली किंवा आतून तुटलेली असते. ती बदलताना सर्वांत मोठा धोका असा, की तिच्या दोन्ही टोकांचे प्लग टेलिफोनच्या रिसीव्हरच्या वायरीला असतात तसेच हुबेहूब असतात. चार संपर्कपट्ट्या, तेवढीच रुंदी आणि तशीच प्लास्टिकची खिटी. जुन्या फोनची वायर येथे व्यवस्थित बसते, खिटी अडकल्याचा आवाजही येतो, आणि संगणक चालू करताच कीबोर्ड निकामी होऊ शकतो.

खिटीमुळे प्लग उलटा बसत नाही हे खरे. पण ती फक्त त्या एका टोकापुरती हमी देते. एका टोकाची पहिली तार दुसऱ्या टोकाला कोणत्या पट्टीवर पोहोचते, याच्याशी तिचा काहीही संबंध नसतो. मॅकिंटॉशच्या सॉकेटमध्ये पहिली पट्टी ग्राउंडची (शून्य व्होल्टची), दुसरी क्लॉकची (वेळेचे ठोके देणाऱ्या सिग्नलची), तिसरी डेटाची आणि चौथी ५ व्होल्टची असते, आणि मूळ वायर सरळ जोडणीची, म्हणजे पहिली पट्टी पहिलीला व चौथी चौथीला जोडणारी असते. रिसीव्हरच्या वायरीत हा क्रम उलटतो: पहिली चौथीला, दुसरी तिसरीला. फोनचे यात काही बिघडत नाही, कारण तेथे बाहेरच्या दोन तारांची एक जोडी आणि आतल्या दोन तारांची दुसरी जोडी असते. क्रम उलटला तरी जोड्या फुटत नाहीत, फक्त प्रत्येक जोडीतल्या दोन तारांची अदलाबदल होते, आणि साध्या मायक्रोफोनला वा स्पीकरला तिने फरक पडत नाही.

कीबोर्डला मात्र पडतो. त्यात इंटेलचा ८०२१ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला छोटा संगणक, असतो. अशा चिपचा पाया पी-प्रकारच्या सिलिकॉनचा असतो आणि त्यावर एन-प्रकारचे भाग घडवलेले असतात. वीज योग्य दिशेने दिली, तर त्यांच्यामधली संधी (दोन्ही भाग मिळतात तो जोड) प्रवाह अडवून धरते. ग्राउंड आणि ५ व्होल्ट यांची अदलाबदल झाली, की तीच संधी सुमारे ०.७ व्होल्टला खुली होते, आणि मग वाहणाऱ्या प्रवाहाला आवर घालायला चिपमध्ये काहीच उरत नाही. सूक्ष्म जोडण्या तापून वितळतात. केवळ क्लॉक आणि डेटा यांची अदलाबदल झाली असती, तर बहुधा कीबोर्ड नुसता मुका राहिला असता. म्हणून बाहेरच्या दोन तारांवर सर्वाधिक लक्ष हवे.

नवी वायर तयार करण्यासाठी चार तारांची चपटी टेलिफोन केबल, दोन चारपट्टी प्लग आणि त्या मापाचे क्रिम्पिंग टूल (प्लग तारांवर दाबून बसवणारी पक्कड) पुरते. फक्त बाहेरचे आवरण सोलावे. आतल्या तारांचे आवरण काढू नये, कारण प्लगमधली धारदार पाती ते भेदूनच तांब्यापर्यंत पोहोचतात. केबल टेबलावर पीळ न देता सपाट पसरली असता एका प्लगची खिटी वर आणि दुसऱ्याची खाली आली, तर जोडणी सरळ झाली असे समजावे. दोन्ही खिट्या एकाच बाजूला आल्या, तर ती फोनचीच वायर झाली. दुसरी खूण अशी: दोन्ही प्लग शेजारीशेजारी, तोंडे एकाच दिशेला आणि खिट्या एकाच बाजूला ठेवून धरावेत; रंगांचा क्रम दोन्हींत सारखाच दिसला पाहिजे. रंग कोणते आहेत, याला महत्त्व नाही.

डोळ्यांनी केलेली ही तपासणी माझ्या मते पुरेशी नाही. मल्टिमीटर बझरवर (जोडणी असली की आवाज देणाऱ्या स्थितीवर) ठेवून प्रत्येक पट्टी समोरच्या त्याच क्रमांकाच्या पट्टीशी जुळते का, हे पाहावे. त्यानंतर एका टोकाच्या पहिल्या आणि चौथ्या पट्टीत बझर वाजत नाही, याचीही खात्री करावी. हे सगळे वायर संगणकापासून सुटी असतानाच करावे, कारण चालू सॉकेटमध्ये मल्टिमीटरची टोके घसरली तर शेजारच्या पट्ट्या शॉर्ट होतात.

१९८७ च्या मॅकिंटॉश एसईपासून ॲपलने कीबोर्डसाठी गोल, चार पिनांचा वेगळाच प्लग वापरला आणि फोनच्या वायरीशी गल्लत होण्याची शक्यताच संपली. त्याआधीच्या यंत्रांसाठी बनवलेल्या वायरीच्या दोन्ही टोकांना, प्लगच्या लगतच, ‘मॅक कीबोर्ड – सरळ जोडणी’ अशी चिठ्ठी पारदर्शक हीट-श्रिंक (तापवल्यावर आकसणाऱ्या) नळीखाली बसवावी, आणि या वायरी ज्या खोक्यात ठेवाल त्यात फोनच्या वायरी ठेवूच नयेत.