जनुकीय चिन्हकांवरून वळू निवड

जनुकीय चिन्हकांवरून वळू निवड : वासराच्या डीएनएमधली ठरावीक ठिकाणची अक्षरे, म्हणजे चिन्हके, वाचून त्याच्या होणाऱ्या कालवडी किती दूध देतील याचा अदमास बांधायचा आणि त्यावरून पैदाशीचा नर ठरवायचा, अशी पद्धत. म्हशींत हीच निवड रेड्याची.

नराला दूध नसते, ही मूळ अडचण. त्याचा गुण त्याच्या मुलींच्या चरवीत दिसतो. जुन्या पद्धतीत त्या जन्मून, वाढून, वेऊन पहिल्या वेताचे दूध मोजेपर्यंत गायींत पाच-सहा वर्षे जात, म्हशींत आणखी जास्त. आता शेपटीच्या गोंड्यातले मुळासकट उपटलेले थोडे केसही पुरतात. त्यातला डीएनए चिपवर (एका वेळी हजारो चिन्हके वाचणाऱ्या छोट्या पट्टीवर) घालून पन्नासेक हजार चिन्हके वाचतात. एकेका चिन्हकाचा भार नगण्य असतो, अंदाज येतो तो सगळ्यांच्या बेरजेतून. या बेरजेचे गणित २००१ मध्ये म्युविसेन, हेस आणि गोडार्ड या शास्त्रज्ञांनी मांडले. अमेरिकेत होल्स्टीन या दुधाळ गायींच्या जातीसाठी २००९ पासून ते अधिकृतपणे वापरात आले.

एकट्याने मोठा परिणाम दाखवणारी चिन्हके थोडीच. चौदाव्या गुणसूत्रावरचे डीजीएटी१ हे जनुक त्यातले एक. त्याचे एक रूप फॅट वाढवते आणि दूध कमी करते. होल्स्टीनमध्ये दोन्ही रूपे सापडतात, म्हणून तिथे निवडीला वाव आहे. भारतीय म्हशींच्या तपासलेल्या जातींत मात्र फॅट वाढवणारेच रूप आढळले. सगळेच रेडे सारखे असतील तर हे चिन्हक पाहून कोणता उचलणार?

चिन्हकांनी दोषही उघडे पाडले. १९६२ मध्ये जन्मलेल्या चीफ या अमेरिकी होल्स्टीन वळूला सुमारे १६,००० मुली होत्या. त्याच्या एका गुणसूत्रावर असा दोष होता की तो आई-बाप दोघांकडून आला तर गर्भ पोटातच मरतो. हजारो जनावरांच्या नोंदी चाळताना दोन्ही बाजूंनी तो तुकडा असलेले एकही जिवंत जनावर सापडेना, तेव्हा २०११ मध्ये तो लक्षात आला. तोवर गोठ्यात ‘गाय गाभडली’ एवढेच बोलले जाई.

सोलापूर जिल्ह्यात ही पद्धत अडते ती नोंदींपाशी. चिपचा अंदाज त्याच जातीच्या, दूध मोजलेल्या जनावरांवर बेतलेला असावा लागतो. होल्स्टीनचे गणित पंढरपुरी म्हशीला लावता येत नाही. गायीची गुणसूत्रे ६०, नदी-म्हशीची (पंढरपुरी याच प्रकारातली) ५०. खांद्यापलीकडे गेलेली तलवारीसारखी शिंगे बघून पंढरपुरी लगेच ओळखू येते, पण कुठल्या म्हशीने कुठल्या वेताला किती दूध दिले हे बहुतेक ठिकाणी मालकाच्या तोंडीच असते. संकलन केंद्रावर फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि त्याशिवायचे घन पदार्थ) मोजतात ते किटलीतल्या एकत्र दुधाचे. त्या पावतीवरून एकही रेडा निवडता येणार नाही.

देशी गायींसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप तयार झाल्या आहेत. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे गायींच्या चिपचे लोकार्पण झाले. सांगोला-मंगळवेढ्याकडचा खिलार मुळात ओढकामाचा. त्याचा वळू चिन्हकांवर पारखायचा तर चाल, खूर आणि काटकपणा यांचे मोजमाप आधी ठरवावे लागेल.